पेरू

लेंगऱ्यात एसटीतनं उतरलो तर कमानीला अजून तोच फ्लेक्स:
यात्रेस देणगी रुपये एक्कावन्न हजार,
सुबरावशेठ, मुक्काम पोस्ट पेरू.
उन्हानं त्याचा चेहरा निळा पडलाय
आणि खाली कुणीतरी कोळशानं लिहिलंय:
पन्नास रुपये किलो.

तिकीट त्यानंच पाठवलं होतं.
विट्यात माझं झेरॉक्सचं दुकान,
माझ्याच पासपोर्टची झेरॉक्स मी काढली
आणि सवयीनं गल्ल्यात दोन रुपये टाकले.

पंधराव्या वर्षी एका ट्रंकेत दोघांचे कपडे कोंबून
आम्ही कोइमतुरला गलाईला गेलो होतो.
सोनारांच्या दुकानातली झाडलेली माती,
मूस, भट्टी, तेजाबाचा पिवळा धूर,
आणि तळाशी दुसऱ्याचं सोनं, कण कण.
मला खोकला लागला, मी परत आलो.
तो पुढं गेला.
पुढं म्हणजे किती, ते मला विमानात कळलं.

लिमात पाऊस पडत नाही.
समुद्र आहे, ढग आहेत, सगळी तयारी आहे,
पण वरून उतरतं नुसतं धुकं.
दोरीवरची विजार चार दिवस दमट
आणि जमीन कोरडी ठणठणीत.
तिथली माणसं त्या आभाळाला गाढवाचं पोट म्हणतात.
"दुष्काळातनं उठलो आणि बघ कुठं येऊन बसलो,"
सुबराव म्हणाला,
आणि आम्ही भर रस्त्यात मांडीवर थाप मारून हसलो.

तो रस्ता म्हणजेच त्याची पेढी.
पिवळं जाकीट घालून उभा असतो,
पाठीवर त्यांच्या भाषेत छापलंय: सोनं घेतो.
ओरो, ओरो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानाशी, हळू,
जसं काही कुणाची चुगलीच सांगतोय.
एका बाईची अंगठी निघेना.
साबण लावून, थुंकी लावून ती ओढत राहिली
आणि हा तेवढा वेळ दुसरीकडं बघत राहिला.

रात्री दोन खोल्या.
रोसाऊरा मक्याचं काहीबाही वाढायची
आणि इल्दा माझ्या ताटाशी बसून
पाढा म्हणावा तसं म्हणायची:
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.
अर्थ तिला ठाऊक नव्हता. चाल पक्की होती.

घरी सांगू नको, असं तो म्हणाला नाही.
निघताना फक्त माझ्या बॅगेची चेन
त्यानं दोनदा लावून पाहिली.

आता समोर आण्णा.
त्यानं पाठवलेली लोकरीची कानटोपी
त्यांनी चैत्राच्या उन्हात डोक्यावर चढवलीय.
"पाऊसपाणी कसं हाय तिकडं?"
"पाऊस न्हाई आण्णा. धुकं असतं नुसतं."
"म्हंजी हितलंच नशीब इमानानं घिऊन गेला."
मग धंद्याचं विचारलं.
"चाललाय."
"बसून करतो का उभा ऱ्हाऊन?"
"उभा ऱ्हाऊन," मी म्हटलं,
आणि फुलपात्रातलं पाणी उगाच संपवलं.

"आन् पेरू? पेरू तरी मिळत्यात का त्या पेरूत?
लोकं लई हसत्यात मला."
"मिळत्यात की. बाजारात घेतलं,
मीठ लावून चौघांनी खाल्लं."

चौघांनी.
झेरॉक्सचा कागद उलटा गेला तर फाडता येतो.

आण्णांनी टोपी काढली, घडी घातली,
घडी मोडली, परत घातली.
तिसरं कोण, चौथं कोण, काही विचारलं नाही.
आत बघून म्हणाले, "च्या ठिवा गं, दोन कप."
रस्त्यावरनं साडेपाचची एसटी गेली,
तिची धूळ बसेपर्यंत गप्प होते.

"बारकं केवढं हाय?"
"आठ वर्साची हाय. पोरगी."
"हं."
"तोळा-मासा पाठ हाय तिला, आण्णा."
आता मात्र त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं,
तराजूचा काटा बघतात तसं.

"मासं किती म्हणती तोळ्याचं? धा का बारा?"
"बारा."
"मग बरूबर हाय."